सोडतीचं तिकीट म्हणजे नोटच: संस्थेच्या लकी ड्रॉचा हिशेब चोख कसा ठेवायचा

नाशिकरोडच्या आमच्या अभ्यासिकेने पहिल्यांदा लकी ड्रॉ काढला, तेव्हा पहिलं बक्षीस सचिवांच्या साडूंना लागलं. येवल्याची पैठणी. सोडत अगदी सरळ झाली होती, मी स्वतः पिंपाशेजारी उभा होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर जे चाललं होतं ते ऐकून कान तापले. ‘ठरलेलंच होतं म्हणे.’ आणि हे खोटं आहे असं दाखवायला आमच्याकडे काही म्हणजे काही नव्हतं. पिंपात किती चिठ्ठ्या टाकल्या ते कुणी मोजलं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर हॉल झाडताना चिठ्ठ्या कचऱ्यात गेल्या होत्या. तीन तिकीट पुस्तकं कुणाकडे आहेत याचा पत्ता नव्हता. पैसे मात्र ‘साधारण बरोबर’ आले होते.

पुढच्या वर्षी कार्यकारिणीत प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आले. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की नोटांचा छापखाना नाहीतर सिक्युरिटी प्रेस, तिसरं काही कुणाच्या मनात येत नाही. काकांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, “तिकिटं किती छापली होती?” खजिनदार म्हणून मी रक्कम सांगायला लागलो. “रक्कम नको, कागद सांगा. छापले किती, विकले किती, परत आले किती, खराब झाले किती.” मला चारपैकी एकही आकडा सांगता आला नाही.

या लेखात जे आहे ते बरंचसं त्यांच्या त्या प्रश्नातून आलेलं आहे.

आधी कायदा, मग छपाई

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे चुकलं तर पुढचा सगळा हिशेब कितीही चोख असला तरी उपयोग नाही. पैसे घेऊन तिकीट विकायचं, नशिबाने नंबर काढायचा आणि बक्षीस द्यायचं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की कायद्याच्या भाषेत ती लॉटरी होते. नाव लकी ड्रॉ ठेवा, भाग्यवान सोडत ठेवा, फरक पडत नाही. हेतू चांगला आहे म्हणून आपोआप सूटही मिळत नाही. महाराष्ट्राचा लॉटरीवरचा स्वतंत्र कायदा १९५८चा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ प्रमाणे राज्य सरकारची नसलेली किंवा सरकारने परवानगी न दिलेली लॉटरी काढण्यासाठी जागा चालवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अशा लॉटरीची जाहिरात केली तर पाच हजारांपर्यंत दंड आहे. म्हणजे व्हॉट्सअॅपवर ‘तिकिटं उपलब्ध’ असं फिरवतानाही विचार करायला हवा.

पहिल्या वर्षी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. कुणी तक्रार केली नाही हे आमचं नशीब.

तेव्हा प्रिंटरकडे जाण्याआधी एक वकील गाठा आणि प्रशासनाकडे लेखी अर्ज करा. तोंडी ‘करा हो, काही होत नाही’ याच्यावर विसंबू नका. उत्तर लेखी हवं, आणि अर्जाची पोच शिक्का मारलेली. दुसऱ्या वर्षी कागद हातात येईपर्यंत दिवाळी उलटली आणि आमची सोडत संक्रांतीवर गेली. हरकत नाही. तारीख पुढे नेता येते.

नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सवाची वर्गणी ज्यांनी रीतसर गोळा केली आहे त्यांना हे माहीत असतं. नोंदणीकृत न्यासांनी आपल्या घटनेतले उद्देश एकदा उघडून वाचावेत. सोडतीचे पैसे ज्या कामाला वापरणार ते काम त्यात बसायला हवं.

परवानगीचं जमत नसेल तर दुसरा रस्ता आहे: कुपन सगळ्यांना फुकट द्या, कार्यक्रमाला फुकट या, आणि देणगीची पेटी वेगळी ठेवा. देणगी दिली काय आणि न दिली काय, कुपन मिळालंच पाहिजे. ‘देणगी दिली तरच कुपन’ असं झालं की आपण फिरून तिथेच आलो. जमा कमी होते हे खरं, पण रात्री झोप लागते.

खाली जे लिहिलं आहे ते लेखी परवानगी हातात आहे असं धरून.

ठराव एका पानाचा, पण नेमका

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ठराव करा आणि इतिवृत्तात लिहा. पैसे कशासाठी, तिकीट किती रुपयांचं, किती छापायची, बक्षिसं कोणती, सोडत कधी आणि कुठे. याशिवाय तीन वाक्यं ठरावात असायलाच हवीत, कारण भांडणं याच तीन गोष्टींवरून होतात. पहिलं, कार्यकारिणीचे सदस्य आणि त्यांच्या घरचे तिकीट घेऊ शकतात की नाही. आमचं मत: घेऊ नये. त्यांना देणगी द्यायची तर सरळ द्यावी. साडू-मेहुणे ‘घरचे’ यात येतात का तेही लिहून ठेवा, मी अनुभवावरून सांगतो. दुसरं, बक्षीस न्यायला कुणी आलं नाही तर किती दिवस वाट बघायची आणि मग त्याचं काय करायचं. तिसरं, ठरलेल्या कामापेक्षा जास्त पैसे जमले किंवा कमी पडले तर काय.

याच बैठकीत तीन माणसं नेमा. एकाकडे तिकिटांचा साठा, दुसऱ्याकडे पैसे, तिसऱ्याकडे वही. छोट्या संस्थेत हे तिन्ही काम खजिनदाराच्या गळ्यात पडतं, आणि तो बिचारा प्रामाणिक असतो म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नाही. संशय आला की तोच एकटा सापडतो. तिघं असतील तर ओझं वाटलं जातं. दोघे नवराबायको असू नयेत एवढं बघा.

छपाई

तिकिटावर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, परवानगीचा क्रमांक, किंमत, सोडतीची तारीख-वेळ-जागा, बक्षिसांची यादी, पैसे कशासाठी आणि न नेलेल्या बक्षिसाचा नियम हे सगळं यायला हवं. जागा पुरत नाही म्हणतात, पण फोटो आणि घोषवाक्यं काढली की पुरते. क्रमांक तिकिटावर आणि स्थळप्रतीवर (तिकीट फाडून दिल्यावर पुस्तकात उरणारा तुकडा), दोन्हीकडे. स्थळप्रतीवर नाव आणि मोबाईल लिहायला रेघा.

प्रिंटरकडून चलनावर लिहून घ्या: अमुक ते अमुक क्रमांक, एकूण इतकी तिकिटं, इतकी पुस्तकं. माल ताब्यात घेताना दुकानातच मोजा. आमच्या काकांनी त्या दिवशी ऐंशी पुस्तकं एकेक उलगडून बघितली. एका पुस्तकात पंचवीसऐवजी चोवीसच तिकिटं होती आणि दुसऱ्यात एकच क्रमांक दोनदा छापला होता. मालक म्हणाला, “काका, एवढं कोण बघतं?” काका काही बोलले नाहीत, फक्त दोन्ही पुस्तकं बदलून मागितली. त्यांच्या आयुष्यभराच्या नोकरीत खराब निघालेला कागदसुद्धा मोजून, नोंद करूनच बाजूला जायचा. इथे तिकीट शंभर रुपयांचं आहे, म्हणजे शंभराची नोट, असं त्यांचं गणित.

रंगीत झेरॉक्स आता कोपऱ्यावर मिळते. म्हणून प्रत्येक तिकिटावर वाटपाआधी संस्थेचा शिक्का असा मारा की अर्धा तिकिटावर आणि अर्धा स्थळप्रतीवर येईल. बक्षीस देताना दोन तुकडे जोडून बघायचे. दोन हजार शिक्के मारायला आम्हाला एक अख्खा रविवार आणि दोनदा मिसळ लागली.

वाटप वही

हीच सगळ्यात महत्त्वाची वही, आणि हीच सगळ्यात जास्त वेळा ठेवली जात नाही. साधी फुलस्केप चालते. रकाने असे: पुस्तक क्रमांक, तिकीट क्रमांक पासून-पर्यंत, कुणाला दिलं, तारीख, सही. मग जागा सोडून: परत आल्याची तारीख, विकली, परत, रद्द, रोख, यूपीआय, सही. पुस्तक हातात पडताना एक सही आणि परत येताना एक. ‘मी त्याला दिलं, त्याने पुढे तिला दिलं’ हे चालवू नका. पुस्तक ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची.

एका माणसाला एका वेळी दोनच पुस्तकं द्या. ती विकून पैसे जमा केले की पुढची. उत्साही माणूस सुरुवातीला दहा मागतो आणि सोडतीच्या आदल्या रात्री आठ तशीच आणून टाकतो. दर रविवारी संध्याकाळी हिशेबाची वेळ ठरवा. आठवड्याला पैसे येत गेले की शेवटच्या दिवशी गोंधळ होत नाही आणि कुणाच्या खिशात संस्थेचे पैसे महिनाभर फिरत नाहीत. बहुतेक वेळा तिथे चोरी नसते. माणूस आज पेट्रोलला दोनशे वापरतो, उद्या टाकीन म्हणतो, आणि विसरतो.

फुकट तिकीट कुणालाच नाही. प्रायोजकाला नाही, नगरसेवकाला नाही, पाहुण्यांना नाही. एक फुकट तिकीट दिलं की तिकीट आणि पैसे यांचा ताळा कायमचा तुटतो.

हरवलेल्या पुस्तकाचं काय? आमचं सदतीस नंबरचं पुस्तक असंच गेलं. ज्याच्या नावावर होतं त्याच्याकडून लेखी घेतलं, ते पंचवीस क्रमांक रद्द केल्याचं फलकावर आणि ग्रुपवर सोडतीच्या चार दिवस आधी जाहीर केलं. त्यामुळे त्यातलं तिकीट कुणाला विकलं गेलं असतं तर तो माणूस लगेच विचारायला आला असता. कुणी आलं नाही. पुस्तक पुढे गुढीपाडव्याला त्याच्या स्कूटरच्या डिक्कीत, पावसाळी कोटाखाली सापडलं, पंचवीसच्या पंचवीस तिकिटांसह.

पैसे कुठून येतात, कुठे जातात

यूपीआयचा क्यूआर फक्त संस्थेच्या बँक खात्याचा. कार्यकर्त्याच्या स्वतःच्या नंबरवर पैसे घेऊन ‘नंतर ट्रान्सफर करतो’ हे एकदाही नको. त्याच्या खात्यात ते त्याचं उत्पन्न दिसतं आणि संस्थेच्या वहीत एकरकमी बेनामी जमा. पैसे पाठवताना शेऱ्यात तिकीट क्रमांक टाकायला सांगा. सगळे टाकत नाहीत, पण अर्ध्यांनी टाकला तरी बँकेच्या उताऱ्याशी जुळवणी सोपी होते.

रोख आली तशी आधी बँकेत. जमा झालेल्या रोखीतून मंडपवाल्याला परस्पर देऊन टाकणं ही आपली सगळ्यांची सवय आहे आणि हिशेब बिघडतो तो इथेच. खर्च वेगळ्या बाजूने, चेकने किंवा खात्यातून. चहापाणी आणि रिक्षासाठी खजिनदाराकडे बँकेतून काढलेली दोन-तीन हजारांची किरकोळ रोख असावी आणि तिची व्हाउचरं असावीत. न्यासाने एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोखीने दिलं तर आयकराच्या हिशेबात तो खर्च धरला जात नाही, हे ध्यानात असू द्या. आणि एखादा दानशूर दोन लाख रोख घेऊन आलाच तर हात जोडून त्याला बँकेत पाठवा. एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घेणंच कायद्याने बंद आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही तेवढ्याच रकमेचा.

तिकिटाच्या पैशांवर ८०जीची पावती (देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी) देऊ नका. लोक मागतात, कारण ‘शेवटी देणगीच ना’. पण तिकीट घेणाऱ्याला बदल्यात बक्षिसाची संधी मिळते, म्हणून ती देणगी नव्हे. ज्याला सवलत हवी त्याने वेगळी देणगी द्यावी, त्याची वेगळी पावती.

अमेरिकेतल्या भाच्याला तिकिटं पाठवण्याचा मोहही आवरा. भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर गोष्ट वेगळी. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही त्याचे पैसे परदेशी देणगी ठरतात आणि त्यासाठी एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. शंभर रुपयांसाठी एवढा उपद्व्याप कोण करणार.

बक्षिसं

विकत घेतलेल्या बक्षिसांची बिलं संस्थेच्या नावाने घ्या. प्रायोजकाने दिलेल्या वस्तूंची नोंद वेगळ्या पानावर: कुणी दिली, काय दिलं, बिलाप्रमाणे किंमत किती, कधी आली, कुणाच्या ताब्यात आहे. दुकानदार ‘किंमत पंधरा हजार’ म्हणून जी साडी देतो ती कधीकधी आठची असते. बिल मागायला लाजू नका. बिल नसेल तर जाहिरातीत किंमत छापू नका.

आता पैठणीची गोष्ट. सोडतीतलं बक्षीस दहा हजारांच्या वर गेलं की त्यावर ३० टक्के कर संस्थेने कापून भरायचा असतो, आणि तो पूर्ण रकमेवर, दहा हजारांच्या वरच्या भागावर नाही. वस्तू असेल तर त्यातून कापणार काय? म्हणून वस्तू हातात देण्याआधी कर भरला गेला आहे याची खात्री संस्थेने करायची. चौदा हजारांच्या पैठणीवर ४,२०० रुपये. साडी लागली म्हणून स्टेजवर हसत आलेल्या बाईंना हे तिथे पहिल्यांदा कळलं तर काय होतं त्याची कल्पना करा. तेव्हा तिकिटावरच छापा: ‘करपात्र बक्षिसावरील कर विजेत्याने भरायचा आहे.’ संस्थेला टॅन नंबर (कर कापून भरणाऱ्याचा आयकर खात्याकडचा क्रमांक) लागतो, विजेत्याचा पॅन लागतो, आणि कर साधारणपणे पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरायचा असतो. हे नको असेल तर एकही बक्षीस दहा हजारांच्या वर ठेवू नका. आम्ही दुसऱ्या वर्षी तेच केलं. मिक्सर, कुकर, सायकल, आणि साडेसात हजारांची सेमी पैठणी. किंमत कमी दाखवणारं बिल मात्र कधीही बनवून घेऊ नका.

सोडतीच्या दिवशी

विक्री सोडतीच्या आदल्या संध्याकाळी बंद. हॉलच्या दारात विकलेलं तिकीट हे हिशेबाला पडलेलं भोक असतं. त्या रात्री सगळी पुस्तकं परत घ्यायची आणि ताळा लावायचा. आम्ही नऊ वाजता बसलो ते साडेबाराला उठलो. गणित एका ओळीचं आहे:

विकली + परत + रद्द = छापलेली.

आमच्यासारख्या संस्थेचा हिशेब साधारण असा दिसेल, आकडे उदाहरणादाखल: १,६१२ + ३६१ + २७ = २,०००. रद्दमध्ये हरवलेल्या पुस्तकाची पंचवीस आणि फाटलेली दोन. मग पैसे: १,६१२ गुणिले शंभर म्हणजे १,६१,२००. त्यात रोख ६८,७०० आणि यूपीआय ९२,५००. दोन्ही बाजू जुळल्या तर झोपायला जा. शंभर रुपये कमी आले तर कुणी खिशातून घालून जुळवू नका. ‘१०० रुपये तफावत’ असं लिहा आणि तिघांनी सही करा. लिहिलेल्या तफावतीवर कुणी बोट ठेवत नाही.

पिंपात फक्त विकलेल्या तिकिटांच्या स्थळप्रती जातात. टाकण्याआधी लोकांसमोर आकडा मोठ्याने सांगा: “आज पिंपात एक हजार सहाशे बारा चिठ्ठ्या आहेत.” चिठ्ठ्या सारख्या घडीच्या हव्यात. घट्ट गुंडाळी आणि सैल घडी बोटाला वेगळी लागते. पिंप रिकामं असल्याचं आधी उलटं करून दाखवा. चिठ्ठी काढायला समोर बसलेल्या प्रेक्षकांतलं मूल बोलवा, कार्यकारिणीतल्या कुणाचं नको. दर चिठ्ठीनंतर पिंप फिरवा. लहान बक्षिसांपासून सुरू करा, मोठं शेवटी, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत हॉल रिकामा.

मोबाईलवर एकसलग चित्रीकरण करा, मध्ये न थांबवता. बाहेरचे दोन साक्षीदार बसवा: शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक, सोसायटीतले कुणी ज्येष्ठ, बँकेतले साहेब. जागच्या जागी एक पान लिहा, पंचनाम्यासारखं: वेळ, पिंपातली संख्या, कोणता क्रमांक कोणत्या बक्षिसाला, कुणी काढला. साक्षीदारांच्या सह्या घेतल्याशिवाय कुणालाही घरी जाऊ देऊ नका.

हिशेब लोकांपुढे

पंधरा दिवसांत एक पान अभ्यासिकेच्या फलकावर आणि ग्रुपवर. वर तिकिटांचा ताळा, खाली जमाखर्च. वरच्याच उदाहरणात: छपाई ६,४००, हॉल ९,०००, विकत घेतलेली बक्षिसं १८,५००, फलक आणि साउंड ४,३००, चहापाणी २,१५०. एकूण खर्च ४०,३५०, कामाला उरले १,२०,८५०. याखाली एक ओळ जरूर टाका: ‘तुमच्या १०० रुपयांपैकी सुमारे ७५ रुपये पुस्तकांसाठी, २५ खर्चाला.’ लोक आख्खं पान वाचत नाहीत, ही ओळ सगळे वाचतात. चहापाण्याचा आकडा लपवू नका. तो दिसला नाही की लोक तो मनाने लावतात, आणि तो नेहमी खऱ्यापेक्षा मोठा असतो. वस्तूरूपाने आलेली बक्षिसं वेगळी दाखवा, रोख जमेत मिसळू नका.

विजेत्यांची यादी लावताना तिकीट क्रमांक, नाव आणि भाग पुरे: ‘जेलरोड’, ‘उपनगर’, ‘सिडको’. मोबाईल नंबर आणि पत्ता फलकावर नको.

सहा महिन्यांनी दुसरं पान लावा, पैसे प्रत्यक्ष कुठे गेले त्याचं. आमच्याकडे स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि वीस खुर्च्या आल्या. बिलांच्या प्रती फायलीत, फाईल टेबलावर. वार्षिक लेखापरीक्षणात सोडतीची जमा ‘इतर जमा’ या रकान्यात गडप होऊ देऊ नका. ऑडिटरला सांगून वेगळी ओळ करून घ्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयात जाणाऱ्या हिशेबातही ती दिसते.

वाटप वही, स्थळप्रती, न विकलेली तिकिटं, रद्द तिकिटं आणि साक्षीदारांचं पान एका पत्र्याच्या पेटीत, दहा वर्षं. न विकलेल्या तिकिटांवर आडवी रेघ मारून ठेवा.

पेटीवर सध्या यंदाच्या सोडतीतला एक मिक्सर ठेवलेला आहे. तिसरं बक्षीस, तिकीट १,१४३. विजेत्याचा फोन लागत नाही, स्थळप्रतीवरचा शेवटचा आकडा पुसट आहे. आमच्या ठरावात तीस दिवस लिहिले आहेत, आज बाविसावा. एकतिसाव्या दिवशी तो साक्षीदारांसमोर विकायचा आणि पैसे पुस्तक निधीत टाकायचे. काकांनी त्याची कोरी पावती आत्ताच फायलीत लावून ठेवली आहे, पेन्सिलने क्रमांक घालून.